माझ्याकडे नाथन आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इतिहास मंडळाचे प्रमुख डॉक्टर बिगेलो, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या ग्रंथपाल मिस ट्रास्क, ज्यांच्यासाठी आपण सगळे मार्चमधला हा चिखल तुडवत इथे आलो ते मिस्टर लायमन प्राउटी, वडिलांना न्यायला ओरेगनहून आलेली त्यांची लेक मार्सिया, आणि डनमोर मिल्समधल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

डॉक्टर बिगेलोंनी मला थोडक्यात बोला असं सांगितलं आहे. मी नन्सच्या शाळेत शिकले. सांगितलेलं ऐकायची सवय मला लहानपणीच लागली. पण थोडक्यात म्हणजे किती, हे सिस्टर इमॅक्युलाटांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. मागे कॉफी उकळते आहे, डोनटचा वास इथपर्यंत येतो आहे, तरी जरा धीर धरा.

मिस्टर प्राउटींनी या गावासाठी काय केलं ते डॉक्टर बिगेलोंनी आत्ता सांगितलंच. त्यांनी संपादित केलेले हॅथवे पत्रव्यवहाराचे आठ जाड खंड तिथे टेबलावर मांडले आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी ते वाचले, असं मी विचारणार नाही. हात वर होणार नाहीत आणि सगळ्यांनाच अवघड वाटेल. पण एनॉक हॅथवे तुम्हाला माहीत आहेत. पेट्रोल पंपाकडे तोंड करून चौकात पुतळा होऊन उभे आहेत तेच. अठराशे बारा साली इंग्लंडशी युद्ध करायचं की नाही यावर सिनेटमध्ये मतं घेतली, तेव्हा ते विरोधात उभे राहिले. त्यांचे व्हर्जिनियाचे जिवलग स्नेही बर्वेल टेलफर बाजूने उभे राहिले. तरुणपणी या दोघांनी मिळून हे राष्ट्र उभं करायला हातभार लावला होता. त्या मतदानानंतर त्यांनी एकमेकांना तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही.

हे सगळं खंडांत आहे. जे खंडांत नाही, ते सांगायला मी उभी आहे.

बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या कचेरीच्या त्या दोन खोल्यांत मिस्टर प्राउटी आणि मी दिवसभर काय करायचो, असं मला माझे मिस्टर फ्रँक नेहमी विचारायचे. मी सांगायचे, आम्ही मोठ्याने वाचतो. ते म्हणायचे, "त्याचा पगार मिळतो?" मिळायचा, पण थोडा.

आमची पद्धत अशी होती. मूळ पत्र मिस्टर प्राउटींच्या हातात. एनॉक यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कोणाला लागत नसे. टंकलेली प्रत माझ्यासमोर. ते वाचायचे आणि मी माझ्या प्रतीवरून पेन्सिल फिरवत ऐकायचे. नुसते शब्द वाचून भागत नाही. कागदावर जे जे आहे ते ते सगळं तोंडाने म्हणावं लागतं. "मोठं अक्षर, प्रिय, मोठं अक्षर, महोदय, आडवी रेघ. तुमचं पत्र मिळालं, स्वल्पविराम, मेंढ्या ठीक आहेत, अर्धविराम, पण रस्ते फार वाईट आहेत, पूर्णविराम. परिच्छेद." असे आठ खंड. एनॉकना मन मानेल तिथे मोठं अक्षर घालायची खोड होती, त्यामुळे मिस्टर प्राउटींचा निम्मा जन्म मोठं अक्षर, मोठं अक्षर म्हणण्यात गेला.

आणि एक नियम होता. कानावर आलेलं आणि कागदावर असलेलं यांत फरक पडला, तर ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याला तुम्ही चुकलात असं म्हणायचं नाही. म्हणायचं, "माझ्याकडे अमुक आहे." मग वाचणारा मूळ पत्र पुन्हा पाहणार. तिथेही तेच असेल, तर म्हणणार, "माझ्याकडेही." बस्स. पुढे चला. किती सभ्य रीत आहे, नाही? फ्रँक म्हणायचे, "नोरा, तू घरी भांडतानासुद्धा माझ्याकडे अमुक आहे म्हणतेस. मी काय म्हणायचं?" मी म्हणायचे, "तुम्ही म्हणायचं, माझ्याकडेही."

इतकी वर्षं एका टेबलाशी बसून मी त्यांना मिस्टर प्राउटी म्हटलं आणि त्यांनी मला मिसेस किलब्राइड. ते जुन्या पांढऱ्या प्रॉटेस्टंट चर्चमधले, मी आयरिश कॅथलिक. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात आम्हाला शुक्रवारी मांस चालत नाही, तर नेमके त्याच दिवशी ते मुद्दाम डब्यात हॅमचं सँडविच आणायचे आणि विचारायचे, "मिसेस किलब्राइड, वास त्रास देत नाही ना?" मी म्हणायचे, "नाही, मिस्टर प्राउटी. तुमच्यासाठी प्रार्थना करायला तेवढंच निमित्त." ते म्हणायचे, "मग मोहरीही लावतो." आमची मैत्री ही एवढीच. मला ती पुरेशी होती.

आता जे सांगणार आहे ते मी मिस्टर प्राउटींना विचारून सांगते आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खोकी बांधून झाली होती. मी विचारलं, उद्या कॅल्विनबद्दल बोलले तर चालेल का? त्यांनी एका खोक्याची दोरी पुन्हा घट्ट केली आणि म्हणाले, "भाषण तुमचं आहे, मिसेस किलब्राइड." त्यांना ओळखणाऱ्यांना कळेल, की हा होकार होता.

मागे बसलेल्या तरुण मंडळींना मिस्टर प्राउटींचा मुलगा कॅल्विन माहीत नसेल. चौकात युद्धात पडलेल्यांच्या नावांचा जो दुसरा, छोटा दगड आहे, त्यावर खालून तिसरं नाव त्याचं आहे. एकोणीसशे एकोणसत्तरच्या शरद ऋतूत तो व्हिएतनाममध्ये मारला गेला. मिस्टर प्राउटी त्या युद्धाच्या विरोधात होते. शनिवारी दुपारी चौकात जे चारपाच जण पाटी घेऊन मुकाट उभे राहायचे, त्यांतले ते एक. जाणारे येणारे गाडीतून शिव्या द्यायचे. कॅल्विनने सैन्यात नाव घातलं, त्यानंतरच्या शनिवारीही ते उभे राहिले, आणि कॅल्विन थर्मासमधून त्यांना कॉफी घेऊन आला. तो वडिलांच्या शेजारी पाटीखाली उभा राहिला आणि दोघांनी कॉफी प्यायली. हे मी बँकेच्या वरच्या खिडकीतून पाहिलं. दोघंही एक शब्द बोलत नव्हते. पाहताना मला वाटलं होतं, या घरातली माणसं बोलत का नाहीत?

तो मारला गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या कप्तानाचं पत्र आलं. मिसेस प्राउटी, आपल्या आयडा, ते न उघडता घेऊन कचेरीत आल्या. त्यांना एकटीने उघडायचं नव्हतं. जिना चढून धाप लागली होती. त्या म्हणाल्या, "लायमन, तू वाच." मी उठून बाहेर जायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

मिस्टर प्राउटींनी पत्र उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "मोठं अक्षर, प्रिय मिस्टर आणि मिसेस प्राउटी, स्वल्पविराम. तुमचा मुलगा शूर होता, स्वल्पविराम, आणि सर्वांचा आवडता होता, पूर्णविराम. परिच्छेद."

ते सबंध पत्र त्यांनी तसं वाचलं. आपण चिन्हंही वाचतो आहोत, हे त्यांना कळत नव्हतं. एकही चिन्ह सुटलं नाही. शेवटी म्हणाले, "पूर्णविराम. सही." आणि कागद खाली ठेवला.

आयडा म्हणाल्या, "आता माणसासारखं वाच."

त्यांनी कागद पुन्हा उचलला. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मग आयडांनी त्यांच्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याचा दोष नाही, नोरा. त्याला येतं तेवढंच तो करतोय."

आपण कोणी हसू नये. मला माहीत आहे, कोणी हसणार नाही.

त्या वेळी आमचा पाचवा खंड चालू होता. त्यात एनॉक यांची अठराशे तेराची पत्रं होती. पुढे काय येणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या धंद्यात हे एक कठीण असतं. ज्यांची पत्रं वाचायची, त्यांच्यावर उद्या काय कोसळणार ते आपल्याला आज माहीत असतं, आणि ते बिचारे मेंढ्यांबद्दल लिहीत असतात. एनॉक यांचा धाकटा मुलगा नाथन आरमारात होता. अठराशे चौदाच्या डिसेंबरात तिकडे युरोपात तहावर सह्या झाल्या. तेव्हा समुद्र ओलांडायला जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत. बातमी वाटेत होती, आणि इकडे जानेवारीत नाथन समुद्रावरच्या एका लढाईत पडला. जे युद्ध संपलं होतं, त्यात.

आणि मग आपला पाचवा खंड पुढे सरकेना. मिस्टर प्राउटी तळटिपा लिहू लागले. एका पत्रात एनॉक यांनी एका तपकिरी घोड्याचा उल्लेख केला आहे. त्या घोड्याचा मूळ मालक कोण, हे शोधायला मिस्टर प्राउटी गावोगावच्या दप्तरखान्यांत फिरले. मी एकदा न राहवून म्हणाले, "पुन्हा घोडाच?"

"घोड्यालाही इतिहास असतो, मिसेस किलब्राइड."

"त्याला असेल. पण आपल्याला अनुदान उरणार नाही."

"मग घोडा पायी जाईल," ते म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले.

खरं कारण मला कळत होतं आणि मंडळाला कळत नव्हतं, असं नाही. मंडळालाही कळत होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मंडळाच्या धीराबद्दल सांगितलं, ते अगदी खरं आहे. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी अनुदान देणाऱ्यांनी कळवलं, की वसंतापर्यंत खंड पुरा झाला नाही तर काम बंद. आयडा माझ्या घरी आल्या. स्वयंपाकघरात बसल्या, कोटसुद्धा काढला नाही.

"नोरा, एनॉकचं ते नाथनबद्दलचं पत्र त्याच्याकडून वाचून घे."

मी म्हटलं, "मी माझी प्रत वाचते ना. ते ऐकतील."

"नको. तूच ऐक. त्यालाच वाचू दे." मग म्हणाल्या, "तुझ्याकडे निदान तो स्वल्पविराम तरी म्हणतो. घरात तेवढंही नाही. कॅलचं नाव शेवटचं कधी घेतलं ते मला आठवत नाही. मी एकटी किती दिवस घेऊ?"

आयडांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. त्या आज इथे असत्या, तर मला खालून खूण करून म्हणाल्या असत्या, आवर आता.

तर तो दिवस. बाहेर मेपलच्या झाडांना बादल्या टांगलेल्या होत्या, रस थेंबथेंब पडत होता, म्हणजे हेच दिवस. मिस्टर प्राउटी आले, कोट टांगला, पेटीतून पत्र काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मार्च अठराशे पंधरा. हॅथवेंचं टेलफरना." आणि वाचायला लागले. चिन्हं मी आता सोडून देते. त्यांनी एकही सोडलं नव्हतं.

"प्रिय महोदय, तुमचं पत्र पोहोचलं. तुम्ही लिहिता, की या युद्धाच्या बाजूने तुम्ही मत दिलंत, तेव्हा मला चार ओळी लिहायचा हक्क तुम्हाला उरला आहे की नाही ते कळत नाही. मी विरोधात मत दिलं होतं. नाथनने आपल्या दोघांपैकी कोणालाच विचारलं नाही. ज्या टपालाने शांततेची बातमी आली, त्याच टपालाने त्याची आली. गावात चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्या थांबवा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? तीन वर्षं मीच त्यांची वाट पाहत होतो."

असं पत्र आहे. पण मिस्टर प्राउटींनी ते असं वाचलं नाही. त्यांनी वाचलं, "मोठं अक्षर, कॅल्विनने आपल्या दोघांपैकी कोणालाच विचारलं नाही, पूर्णविराम."

माझी पेन्सिल थांबली. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकत होते. मी काय करायला हवं होतं? जाऊ द्यायला हवं होतं का? पण मग त्यांना कधीच कळलं नसतं, की त्यांनी ते नाव घेतलं. आणि नियम हा नियम. मी शक्य तितक्या हळू म्हणाले, "माझ्याकडे नाथन आहे."

त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याकडेही."

आणि मग ते रडले. मी नन्सची विद्यार्थिनी. रुमाल घडी करून देणं एवढंच मला येतं. तो दिला. खाली बँकेत लोक पैसे भरत होते, त्यांचं बोलणं वर ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि पत्र पुरं केलं. पत्राचा शेवट मला तोंडपाठ आहे. एनॉक लिहितात, "माझी एक विनंती आहे. तुम्ही फिलाडेल्फियात नाथनला पाहिलं होतं. तेव्हा तो लहान होता. या घरातल्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल जे आठवतं, ते ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. आता मला नवं काही सांगणारं इथे कोणी नाही. तुम्हाला काही आठवत असेल तर लिहा. क्षुल्लक असलं तरी चालेल. तो वाईट वागला असेल तर तेही चालेल."

टेलफरांनी लगेच उत्तर पाठवलं, तेही पाचव्या खंडात आहे. त्यांनी लिहिलं, की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या साखरेतल्या संत्र्याच्या साली त्या पोराने एकट्याने फस्त केल्या, आणि विचारल्यावर शेजारी बसलेल्या एका वजनदार सिनेटरकडे बोट दाखवलं. बस्स, एवढंच पत्र. युद्धाचा त्यात शब्द नाही. त्यानंतर ते दोघं मरेपर्यंत एकमेकांना लिहीत राहिले. इतिहासकार त्याची मोठी मोठी कारणं देतात. मला विचाराल तर कारण संत्र्याच्या साली.

त्या दिवशी पत्र पेटीत ठेवताना मिस्टर प्राउटींनी मला विचारलं, "मिसेस किलब्राइड, तुम्हाला कॅलचं काही आठवतं का?"

मी इतकी गडबडले, की तोंडाला आलं ते बोलले. म्हणाले, "त्याचे पाय फार मोठे होते."

ते म्हणाले, "हो. बूट मिळायचे नाहीत." आणि ते हसले. घरी जाऊन त्यांनी आयडांनाही तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी आयडांचा फोन आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला नीटसं कळलं नाही. म्हणाल्या, "नोरा, काल जेवण तसंच राहिलं. बीन्स गार झाल्या. आम्ही बोलत बसलो."

खंड वेळेत छापून झाला. घोड्याची तळटीपही त्यात आहे. मालक सापडला नाही.

मंडळी, आता मी मुद्द्यावर येते. मंडळाने मिस्टर प्राउटींना भिंतीवरचं सुंदर घड्याळ दिलं. मी मंडळाची सभासद आहे, वर्गणी मीही दिली आहे, घड्याळ उत्तम आहे. पण परवा ते ओरेगनला जाणार. मार्सियाचं घर चांगलं आहे, खोलीतून समुद्र दिसतो म्हणे. नातवंडं आहेत. मार्सिया, तू वडिलांना नेते आहेस, आम्हाला त्याचा आनंदच आहे. फक्त एक गोष्ट त्या गावात नाही. तिथे तुम्हा दोघांशिवाय कॅल्विनला पाहिलेलं कोणी नाही. दुकानदार नाही, शाळेतला मास्तर नाही, त्याच्याबरोबर बर्फावर घसरणारं कोणी नाही. इथे निदान रस्त्यात कोणीतरी भेटतं. मार्सिया आणि तिचे वडील, दोघांना जे आठवतं ते दोघांनाही पाठ झालं आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आता कॉफी प्यायला उठाल, तेव्हा मिस्टर प्राउटींशी विमानाबद्दल बोलू नका, चिखलाबद्दल तर मुळीच नको. त्यांना कॅल्विनचं काहीतरी सांगा. अर्धवट आठवत असेल तर अर्धवट सांगा. त्याने तुमच्या खिडकीची काच फोडली असेल तर तेही सांगा. मिस ट्रास्क, त्याने परत न केलेल्या पुस्तकांबद्दल तुम्ही सांगू शकाल, पण दंड मागू नका.

सुरुवात मी करते. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही, कारण मोठ्या पायांच्या गडबडीत राहून गेलं, आणि नंतर मला त्याची लाज वाटली.

माझे फ्रँक गेले तेव्हा कॅल्विन शाळेत होता. वडिलांचा काळा कोट घालून तो आमच्या चर्चमध्ये आला. प्रॉटेस्टंट पोर, आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच. आमच्याकडे उठणं, बसणं, गुडघे टेकणं फार असतं. तो बिचारा सगळ्यांचं बघून बघून करत होता. एकदा आम्ही सगळे गुडघे टेकून उठलो आणि बसलो, तरी तो खालीच. डोळे गच्च मिटलेले. फादर पुढे बोलायला लागले, हा तसाच. कोणीतरी त्याला कोपर मारलं. तो दचकून उठला तो एकदम उभाच राहिला, सबंध चर्चमध्ये एकटा, आणि सगळ्यांकडे बघून अगदी स्पष्ट म्हणाला, "माफ करा, माझं अजून संपलं नव्हतं."

मी पहिल्या बाकावर होते. समोर माझ्या नवऱ्याची शवपेटी. आणि मला हसू आलं. तोंडावरच्या काळ्या जाळीआड मी इतकी हसले, की खांदे हलायला लागले. मागच्या बायकांना वाटलं मी हुंदके देते आहे, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या सबंध आठवड्यात मी श्वास घेतला असेन तर तो तेव्हा. मिस्टर प्राउटी, तुमच्या मुलाने मला ते दिलं. तो फ्रँकसाठी काय मागत होता, मला माहीत नाही. पण त्याचं संपलं नव्हतं.

डॉक्टर बिगेलो, तुम्ही मला बोलायला सांगितलंत याबद्दल तुमची आणि मंडळाची मी ऋणी आहे. या सभागृहाची शेगडी सकाळपासून पेटती ठेवणाऱ्यांची, डोनट तळणाऱ्यांची, आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलेल्या तुम्हा सगळ्यांचीही. वेळेची मर्यादा मी पाळली नाही. कोणाच्या घरातलं दुःख चारचौघांत आणताना शब्द कमीजास्त झाला असेल, तर तो मोठ्या मनाने पदरात घ्या.

मिस्टर प्राउटी, तुम्ही उठू नका. तिथेच बसा. मंडळी तुमच्याकडे येतील.